दोन बैठकींमधले सहा दिवस: आधारगटांच्या जाळ्याच्या प्रकल्प नोंदी

९ जानेवारी

व्यसन आणि मानसिक आजार यांतून सावरणाऱ्यांसाठी आधारगट सुरू करायचाय. पहिला कागद लिहिला तो 'हा गट काय करणार नाही' याचा. निदान करणार नाही. औषध सुरू करा, बंद करा, अर्धी घ्या असं सांगणार नाही. पैसे उसने देणार-घेणार नाही. कुणाला उचलून व्यसनमुक्ती केंद्रात भरती करणार नाही. घरच्यांना परस्पर काही कळवणार नाही; जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद. ही यादी करायला दोन तास गेले. 'काय करणार' याला दहा मिनिटंही लागली नाहीत, कारण मग उरतं एवढंच: जो त्या वाटेने जाऊन आला आहे, तो मदतनीस म्हणून आत्ता वाटेत असलेल्यासोबत काही काळ चालणार.

कल्पना जुनीच आहे. मे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सनचा व्यवहार फिसकटला. हॉटेलच्या लॉबीत एका टोकाला बार होता, आणि त्याला कळून चुकलं की आत्ता पिणं टाळायचं तर दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्याशी बोललं पाहिजे. फोनाफोनी करून तो डॉ. बॉब स्मिथपर्यंत पोचला. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटांची सुरुवात तिथली. शोध घेणारा त्या दिवशी मदत करायला निघाला होता आणि त्यामुळेच स्वतः वाचला, हे यातलं आपल्या कामाचं. मदत करणाऱ्यालाच होणाऱ्या या फायद्याकडे फ्रँक रिसमन यांनी १९६५ मध्ये अभ्यासकांचं लक्ष वेधलं. मानसिक आजारांच्या बाजूने डॉ. अब्राहम लो यांनी शिकागोत सुरू केलेले स्वमदत गट १९३७ चे आहेत.

त्यावरून नियम: तिसऱ्या बैठकीपर्यंत प्रत्येकाच्या हाती काहीतरी काम द्यायचं. खुर्च्या लावणं, घड्याळ सांभाळणं, दाराशी उभं राहणं. नुसता घेणारा माणूस चौथ्या-पाचव्या बैठकीला गळतो.

१६ जानेवारी

व्यसनाचा आणि मानसिक आजाराचा गट एकच ठेवायचा की दोन? कागदावर एकच बरा वाटतो, कारण बऱ्याच जणांना दोन्ही असतं. प्रत्यक्षात अडतं ते गोळीपाशी. व्यसनमुक्तीच्या गटात 'गोळीच्या आधाराने राहतोस म्हणजे नशाच की' असं कुणीतरी बोलतं आणि ऐकणारा घरी जाऊन गोळ्या थांबवतो. बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असलेल्याला ते वाक्य फार महागात पडतं. अफूजन्य (हेरॉइनसारख्या) नशेवरचा उपचार म्हणून मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्याचंही तेच. ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत. त्यांना 'खरा सोबर नाही' म्हणणं हा अडाणीपणा आहे, आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

ठरलं: बैठका दोन, फोनची साखळी एक, मदतनीसांचं प्रशिक्षण एकत्र. ज्याला दोन्हीकडे यायचंय त्याने दोन्हीकडे यावं. दोन्ही बैठकांच्या सुरुवातीला वाचायच्या नियमांत तिसरं वाक्य: 'डॉक्टरांनी दिलेलं औषध घेणारा इथे पूर्ण सभासद आहे.'

२३ जानेवारी

जागा पाहिली. खोलीबाहेरच्या पाटीवर आजाराचं किंवा व्यसनाचं नाव नको. खुर्च्या १४, गोलात, मध्ये टेबल नको. दाराजवळची एक खुर्ची कायम रिकामी: उशिरा येणाऱ्यासाठी आणि मध्येच उठून जावंसं वाटणाऱ्यासाठी. दाराकडे पाठ करून बसणं काहींना सोसत नाही, म्हणून आधी आलेल्याला जागा निवडू द्यायची. हात धुवायला साबण ठेवायचा, अल्कोहोलचं सॅनिटायझर नको; डायसल्फिराम (दारू सोडण्यासाठीची गोळी, ती घेताना अल्कोहोल बाधतं) घेणाऱ्यांपैकी काहींना तेवढ्यानेही त्रास होऊ शकतो. (त्यांना खोकल्याचं औषध, माउथवॉश आणि आफ्टरशेव्हची बाटली वाचायला शिकवणं हा वेगळा धडा. शेवटच्या गोळीनंतर १४ दिवसांपर्यंत रिॲक्शन येऊ शकते, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.)

४ फेब्रुवारी

मदतनीस निवड. निकष: किमान एक वर्ष स्थिर, स्वतःचा डॉक्टर, समुपदेशक किंवा स्पॉन्सर (वाट दाखवणारा जुना सभासद) चालू, आठवड्याला चार तास मोकळे. या तिन्हींपेक्षा जास्त सांगून जातो तो एक प्रश्न: 'तुमचं स्वतःचं बिघडायला लागलं की सगळ्यात आधी काय बदलतं, आणि ते कुणाच्या लक्षात येतं?' ज्याला झोप, चिडचिड, फोन न उचलणं असं काही नेमकं सांगता येतं तो घ्यावा. 'आता माझं काही बिघडणार नाही' म्हणणाऱ्याला सहा महिने सभासद म्हणूनच राहू द्यावं.

सगळ्यात उत्साही उमेदवार बहुधा नुकताच बाहेर पडलेला असतो. नव्वद दिवस झालेले असतात, जग बदलायचं असतं. त्याला नाही म्हणायचं नाही, पण फोनची ड्युटीही द्यायची नाही. खुर्च्या, नोटीस, नव्या माणसाला दारापासून आत आणणं ही कामं त्याची. त्यात त्याची ऊर्जा खर्ची पडते आणि कुणाच्या जिवाची जोखीम त्याच्या डोक्यावर येत नाही.

१८ फेब्रुवारी

प्रशिक्षणाचा आराखडा: ८ सत्रं, प्रत्येकी अडीच तास. व्याख्यान कमी, सराव जास्त. पहिल्या सत्राचा सराव साधा दिसतो आणि जवळजवळ सगळे त्यात नापास होतात: समोरच्याचं तीन मिनिटं ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही, 'माझंही अगदी असंच झालं होतं' म्हणायचं नाही. चाळीस-पन्नास सेकंदांतच कुणीतरी स्वतःच्या गोष्टीवर येतो. स्वतःचा अनुभव ही या कामाची सगळी पुंजी, म्हणून तो कधी काढायचा हेच शिकावं लागतं. सरावात वापरलेली कसोटी: माझी गोष्ट सांगितल्यावर चेंडू पुन्हा त्याच्याकडे जातो का? जात नसेल तर गोष्ट माझ्यासाठी सांगितली गेली. लांबी चार वाक्यं, त्याहून जास्त नाही.

वाक्यांची अदलाबदल फळ्यावर लिहिली. 'मन खंबीर कर'ऐवजी 'आजची रात्र कशी काढणार आहेस?' 'का प्यायलास?'ऐवजी 'त्याआधीच्या दोन तासांत काय काय झालं?' 'असं काही नसतं, भास आहे तो'ऐवजी 'तो आवाज काय म्हणतोय? आणि तू काय करतोस तेव्हा?' या शेवटच्या वाक्याला इतिहास आहे. नेदरलँड्सचे मानसोपचारतज्ज्ञ मारियस रोम यांच्याकडे पॅट्सी हाग नावाची आवाज ऐकू येणारी रुग्ण होती. तिनेच त्यांना हे आवाज गांभीर्याने घ्यायला लावलं. १९८७ पासून आवाज ऐकणाऱ्यांचे गट त्यातून वाढत गेले. आवाज खरा की खोटा या वादात मदतनीसाने पडायचं नाही. तो आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, तर मात्र लगेच खालच्या नोंदीतलं लाल कार्ड.

२५ फेब्रुवारी

लाल कार्ड. खिशात मावेल एवढं, दोन्ही बाजूंनी छापलेलं. यातलं काही दिसलं की गप्पा थांबवायच्या आणि वैद्यकीय मदत बोलवायची. या कार्डावर बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ घालवला, आणि तो कमीच पडला.

दारू: रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली की सहा तासांपासून थरथर, घाम, धडधड सुरू होऊ शकते. फिट येण्याचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत. ४८ ते ९६ तासांत भ्रम, ताप, नसलेलं दिसणं, वेळ-जागेचं भान सुटणं. हा डिलिरियम ट्रेमेन्स, यात माणूस दगावू शकतो. आधी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय सोडायला सांगायचं नाही. झोपेच्या आणि घबराटीच्या बेंझोडायझेपिन गोळ्यांचंही तसंच: त्या हळूहळू कमी करतात, एका रात्रीत नाही. 'आजपासूनच सोड, मी आहे ना' हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं, म्हणून ते कार्डावर फुली मारून छापलंय.

अफूजन्य नशा: काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय उतरते. माणूस मात्र जुनाच डोस घेतो. म्हणून केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे सगळ्यात धोक्याचे. ओठ निळे-करडे, घशात घुरघुर, हाक मारून वा छातीचं मधलं हाड चोळून जाग नाही: रुग्णवाहिका बोलवा, नालोक्सोन (अफूजन्य नशेचा असर उलटवणारं औषध) द्या, कृत्रिम श्वास द्या, श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा. दोन-तीन मिनिटांत फरक नसेल तर दुसरा डोस. नालोक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांचा, नशेचा त्याहून लांब असू शकतो, म्हणून 'उठून बसला, आता घरी जाऊ दे' हे चालणार नाही.

आत्महत्या: विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे, अभ्यासांमध्ये तसं आढळलेलं नाही. आडवळणाने विचारायचं नाही. 'जीव द्यायचा विचार येतोय का?' हो म्हणाला तर: कसं, कधी, साधन हाताशी आहे का. योजना आणि साधन दोन्ही असतील तर एकटं सोडायचं नाही, साधन दूर करायचं, तातडीची सेवा बोलवायची. 'कुणाला सांगू नकोस' याला कधीच होकार द्यायचा नाही. सरावात सगळ्यात जास्त चूक इथे होते: प्रश्न विचारताना आवाज इतका खाली जातो की समोरच्याला कळतं, याला 'नाही' ऐकायचंय.

बाकीचं: दोन-तीन तास झोपूनही अंगात मावेना अशी ऊर्जा आणि वारेमाप खर्च, गोळ्या अचानक बंद, लिथियम (बायपोलरवरचं औषध) घेणाऱ्याला उलट्या-जुलाब, हातांचा जोरदार कंप, झोकांड्या (त्याच दिवशी डॉक्टर).

कार्डामागे सहा रिकाम्या ओळी. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली आणि ब्राउन यांच्या, आत्महत्या टाळण्यासाठीच्या सुरक्षा आराखड्याचे सहा टप्पे: धोक्याच्या खुणा, एकट्याने करता येणारी गोष्ट, मन दुसरीकडे नेणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, डॉक्टर आणि तातडीचे क्रमांक, घरातली साधनं दूर करणं. सभासदाने स्वतःच्या अक्षरात, बरं वाटत असताना भरायचं. मदतनीसाने भरून दिलेलं कार्ड पाकिटातच राहतं.

६ मार्च

पहिली बैठक. ९० मिनिटांची वाटणी: ५ नियमवाचन, १० एकेका वाक्याची फेरी, ५० शेअरिंग (प्रत्येकी ४ मिनिटं, म्हणजे १२ जण), १५ येत्या आठवड्यातली अडचण आणि उपाय, १० समारोप. चौदाच्या वर गेलं की गट फोडायचा.

बिघडलं ते शांततेपाशी. फेरी झाल्यावर कुणी बोलेना, आणि चालवणाऱ्याने चार मिनिटं स्वतःच बोलून ती जागा भरली. त्यानंतर सगळे त्याच्याकडेच बघून बोलत राहिले. पुढच्या वेळी मनात वीसपर्यंत मोजायचं. वीस सेकंद फार लांब वाटतात, पण पंधराव्याच्या आसपास कुणीतरी घसा खाकरतो.

व्यसनाच्या गटात दुसरा खड्डा: जुन्या मैफिलींच्या गोष्टी. ब्रँड, किती पेग, पहिला घोट कसा उतरला. बोलणारा रंगात येतो आणि ऐकणाऱ्यांपैकी दोघं-तिघं आवंढा गिळत असतात. घड्याळवाल्याने एवढंच म्हणायचं: 'दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते सांग.'

बैठक संपल्यावर दाराबाहेर जे बोलणं झालं ते आतल्यापेक्षा खरं होतं. चॅड वॅरा यांनी १९५३ मध्ये लंडनमध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोनसेवा सुरू केली तेव्हाही हेच झालं होतं: भेटीसाठी ताटकळणारी माणसं बाहेरच्या स्वयंसेवकांशी बोलायची, आणि पुष्कळांना नंतर आत जायची गरजच उरायची नाही. म्हणून बैठकीनंतरची २० मिनिटं दोन मदतनीस मुद्दाम दारापाशी रेंगाळतील. तीही ड्युटी, यादीत नाव घालून.

२० मार्च

बैठक आठवड्यातून एकदा. तलफ, घबराट, रात्रीचा काळोख उरलेल्या सहा दिवसांत येतो. हे जाळं टिकेल की फाटेल ते फोनच्या रोस्टरवर ठरेल, असं आता दिसतंय.

हिशेब असा. संध्याकाळी ६ ते ९ आणि ९ ते १२, दोन पाळ्या. प्रत्येक पाळीला एक मुख्य, एक राखीव. सात दिवस × २ × २ = २८ ड्युट्या. एकाला आठवड्यात दोनपेक्षा जास्त नकोत, म्हणजे १४ माणसं. आजारपण-प्रवास धरला तर १८. तयार आहेत ११. सगळ्यांनी थोडं ओढून २८ भरायची सूचना आली. मोडीत काढली. त्याऐवजी फक्त रात्री ९ ते १२ चालू: १४ ड्युट्या, ११ माणसं, श्वास घ्यायला जागा. बाराच्या पुढे ध्वनिमुद्रित संदेशात तातडीच्या सेवेचा आणि संकटकाळच्या हेल्पलाइनचा क्रमांक. चोवीस तासांचं आश्वासन देऊन रात्री दीडला फोन न उचलणं हे तीन तासांच्या आश्वासनापेक्षा कितीतरी वाईट. त्या माणसाला त्याची जुनी समजूत खरी झालेली दिसते, की आपल्यासाठी कुणी नाही.

सिम वेगळं, पाळीनुसार फिरणारं. कॉल-फॉरवर्डने मुख्याकडे, पाच वेळा वाजून उचललं नाही तर राखीवाकडे. खासगी क्रमांक कुणीही द्यायचा नाही. एका मदतनीसाकडे ठरलेले सभासद जास्तीत जास्त तीन.

फोनवर तलफ आली असेल तर ती 'घालवायला' बघायचं नाही. लाट चढते, टोकाला पोचते, ओसरते. बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत. तेवढा वेळ सोबत राहायचं. आधी चार गोष्टी विचारायच्या: जेवलास का, कुणावर संतापलायस का, एकटा आहेस का, झोप झालीय का. यातली एक तरी सापडतेच, आणि तिच्यावर आत्ता काही करता येतं.

१० एप्रिल

नोंदवही. रकाने: तारीख, वेळ, दोन अक्षरी खूण, कशासाठी (संकेतांक १ ते ५), काय ठरलं, पुढचा फोन कोण करणार आणि केव्हा. आडनाव नाही, आजाराचं नाव नाही, बोललेली वाक्यं नाहीत. वही हरवली तर कुणाचं काही उघडं पडू नये, या हिशेबाने लिहायची.

तीन आठवड्यांच्या नोंदी चाळल्या. पहिले पाच रकाने व्यवस्थित. सहावा निम्म्याहून जास्त ठिकाणी कोरा, किंवा 'बघू', 'कळवतो म्हणाला'. म्हणजे दर रात्री चांगलं बोलणं होतंय आणि सकाळी ते कुणाचंच नाही. आता नियम: सहावा रकाना भरल्याशिवाय पाळी दुसऱ्याच्या हाती जात नाही. 'कळवतो म्हणाला' हे उत्तर धरायचं नाही. त्याने नाही केला तर आपण केव्हा करणार, ती वेळ लिहायची.

१७ एप्रिल

व्हॉट्सॲप गट बंद केला. गटात सगळ्यांना सगळ्यांचे क्रमांक दिसतात, मग निनावी राहिलं काय? शिवाय फॉरवर्ड, झोपेच्या चूर्णाची जाहिरात, आणि रात्री अडीचला टाकलेला निरोपाचा संदेश जो सकाळी आठला वाचला गेला. (माणूस सुखरूप आहे.) आता फक्त ब्रॉडकास्ट यादी, तीही बैठकीच्या सूचनांपुरती, त्यात एकाला दुसऱ्याचा क्रमांक दिसत नाही. मात्र ज्याने आपला क्रमांक फोनमध्ये साठवलेला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोचत नाही, म्हणून तो बैठकीतच साठवून घ्यायचा, आणि साध्या नावाने. 'व्यसनमुक्ती गट' असं नाव ऑफिसात टेबलावर ठेवलेल्या फोनवर झळकू नये.

१५ मे

एका मदतनीसाची घसरण झाली, पुन्हा प्यायला. अशा वेळी काय करायचं ते फेब्रुवारीतच लिहून ठेवलं होतं, म्हणून चर्चा करावी लागली नाही. ऐन वेळी चर्चा केली की एक तर माया आडवी येते नाही तर राग. त्याच दिवशी रोस्टरमधून नाव कमी, गटातून नाही. त्याच्याकडच्या तिघांना २४ तासांत दुसऱ्याचा फोन: 'सध्या तो ड्युटीवर नाही, आता मी आहे.' कशामुळे, ते त्याच्या संमतीशिवाय सांगायचं नाही. तीन महिने सभासद, मग जोडीने ड्युटी, मग एकट्याने.

मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी दाखवलेला सापळा इथे उघड दिसतो: पहिल्या घोटाइतकंच, कधी त्याहून जास्त, नुकसान 'आता सगळंच गेलं' या विचाराने होतं; मग पुढची बाटली त्या विचाराच्या नावावर. दिवस शून्यापासून मोजण्याची पद्धत काहींना बळ देते, काहींना या सापळ्यात ढकलते. म्हणून दोन आकडे विचारतो: सलग किती, आणि या वर्षात एकूण किती.

कारण शोधताना वहीत सापडलं: मार्चअखेरपासून त्याने स्वतःच्या दोन ड्युट्यांशिवाय इतरांच्या पाच भरल्या होत्या. कुणी मोजत नव्हतं. अदलाबदल आता समन्वयकाला विचारूनच. दर १५ दिवसांनी मानसशास्त्रज्ञासोबत एक तासाची बैठक, आणि तिथे सभासदांबद्दल बोलण्याआधी स्वतःबद्दल: झोप किती, ड्युटीबाहेर किती फोन घेतले, सध्या कोणाचा फोन आला की नकोसं होतं.

५ जून

घरच्यांची बैठक वेगळी सुरू. एकाच खोलीत दोघं बसले की एक गप्प होतो, दुसरा तक्रारी वाचतो. अल-ॲनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचे गट, १९५१ पासून वेगळं आहे ते उगीच नाही.

१० जुलै

मोजायचं काय? हजेरी फसवी, भरलेली खोली दिसते, न आलेला दिसत नाही. वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या गटांशी जोडणाऱ्या आखीव कार्यक्रमांनी सलग दारूमुक्त राहण्यात इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस निकाल दाखवले. आपल्याला त्यातला 'आखीव' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. गटाचा पत्ता सांगणं वेगळं आणि कुणीतरी सोबत जाऊन पहिली खुर्ची दाखवणं वेगळं.

म्हणून तीन आकडे: रुग्णालयातून किंवा केंद्रातून सुटलेल्यांपैकी किती जणांशी ७२ तासांत प्रत्यक्ष बोलणं झालं, वहीतल्या ठरलेल्या फोनांपैकी किती वेळेत झाले, दोन बैठका चुकवलेल्यांपैकी किती जणांना कुणीतरी गाठलं. मानसोपचार विभागातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक असतात, तेव्हा पहिला आकडा सगळ्यांच्या वर. सुटायच्या आधीच मदतनीसाने आत जाऊन एकदा भेटायचं, म्हणजे नंतर येणारा फोन अनोळखी राहत नाही. वॉर्डमधल्या परिचारिकांना भेटीचे दोन ठरलेले दिवस आणि एकच नाव दिलं. 'कुणालाही कळवा' म्हटलं की कुणालाच कळत नाही.

२८ ऑगस्ट

दुसरी तुकडी तयार, मदतनीस आता १७. संध्याकाळची पाळी सुरू करण्याचा आग्रह आहे. १८ होईपर्यंत थांबायचं ठरलं. सहावा रकाना या महिन्यात चार ठिकाणी कोरा. चारही रविवारच्या पाळीतले. रविवारचा मुख्य आणि राखीव दोघंही एकाच घरातले आहेत, दोघांनाही वाटतं दुसऱ्याने लिहिलं असेल. पुढच्या आठवड्यापासून जोडी बदलली. सिमचं रिचार्ज १२ तारखेला संपतंय, राखीव फोनची बॅटरी दहाच्या पुढे टिकत नाही.